पास्कूने आखलेली वाट

वॉलॉंगॉंगहून सिडनीला जाणारी पहाटेची गाडी सुटते तेव्हा उजव्या हाताचा समुद्र अजून काळा असतो. कोलक्लिफच्या पुढे पाण्यावर तांबूस पट्टा उमटला. डब्यात माझ्याखेरीज रात्रपाळी संपवून घरी चाललेले दोन कामगार होते, तेही खिडकीला डोके टेकून झोपलेले. १९८३चा ऑक्टोबर होता आणि मी कॅनबेराला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला निघालो होतो. दहा वर्षे या देशात राहूनही मी राजधानी पाहिली नव्हती. लांब आहे, वेळ नाही, मुलगी लहान आहे, अशी कारणे मी सांगत असे. खरे कारण एवढेच होते की तिथे पास्कू राहत होता.

निघताना माझ्या बायकोने, मार्थाने, भाकरीचा डबा हातात दिला आणि विचारले, "पास्कूला ते सांगणार आहेस का?"

"बघू."

"आठ वर्षं बघतोयस," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

ते म्हणजे काय, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. पास्कू आणि मी वसईतल्या एकाच गावचे, आमच्या वाड्या शेजारी शेजारी. मी तीन वर्षांनी मोठा, पण वडील लवकर वारल्यामुळे माझे शिक्षण मागे पडले आणि मुंबईच्या तांत्रिक शाळेत आम्ही एकाच वर्गात आलो. दोघेही ड्राफ्ट्समन झालो. माझे ड्रॉइंग बरोबर असायचे. पास्कूचे सुंदर असायचे. मास्तर त्याची शीट भिंतीला लावत आणि माझ्या शीटवर बरोबरची खूण करून परत देत. मी ऑस्ट्रेलियात आधी आलो आणि पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागलो. १९७५ साली तोही आला आणि सात आठवडे आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहिला. माझी ग्लोरिया तेव्हा सहा वर्षांची होती. ती त्याच्या पाठीवरून उतरत नसे. त्याने माझ्याच ऑफिसात अर्ज केला. एका सकाळी आमचा साहेब चहाचा मग घेऊन माझ्या बोर्डापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा हा मेट कसा आहे?" ('मेट' म्हणजे इथला दोस्त.)

मी म्हणालो, "हात चांगला आहे. पण तो कुठे फार टिकत नाही."

हे खोटे होते. पास्कू मुंबईत एकाच ठिकाणी अकरा वर्षे होता. पण तो दोन वर्षांत माझ्या वर बसेल हे मला दिसत होते. त्याला नोकरी मिळाली नाही. तो कॅनबेराला गेला, रस्ते आखणाऱ्या सरकारी खात्यात मोजणीची साखळी ओढायला लागला आणि पुढे तिथेच ड्राफ्ट्समन झाला. मी मनाशी म्हणत आलो की बरेच झाले, माझ्यामुळे त्याचे भलेच झाले.

मग पोलादाची मंदी आली. कारखान्याने माणसे कमी केली, आणि जूनपासून मी घरी बसलो. सप्टेंबरात पास्कूचे पत्र आले: "दादा, आमच्या ऑफिसात जागा निघतेय. अर्ज कर. ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव घाल, शिफारस मी लिहून देतो. ये चार दिवस, राजधानीही बघ."

सिडनीला मी कॅनबेराची गाडी धरली. शहर सुटल्यावर तासन्‌तास मेंढ्या, तारेची कुंपणे आणि पिवळट गवत. गोलबर्न स्टेशनात गाडी थांबली. तिथे मी मीट पाय (खिम्याची गरम कचोरी म्हणा) घेतला आणि पहिल्याच घासाला त्याचा रस शर्टावर सांडला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला.

"पार्लमेंट बघायला निघालात?"

"नाही, मित्राकडे."

"जुना मित्र?"

"लहानपणापासूनचा."

"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. मी शर्ट पुसत राहिलो.

शेवटी गाडी एका अरुंद घळीतून, नदीच्या कडेकडेने उतरते आणि मग राजधानी येते. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला याहून मोठे स्टेशन असते. एक फलाट, गुलाबाची झाडे आणि शांतता. फलाटावर पास्कू उभा होता. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट नाही, केस सगळे जागेवर. मी सत्तेचाळिसाचा होतो आणि माझ्याकडे यातले काहीच नव्हते. त्याने येताच नेहमीसारखे डोके वाकवले आणि मी नेहमीसारखा त्याच्या डोक्याला हात लावला न लावला असे केले.

"शर्टाला काय झालं?"

"पाय."

"गोलबर्नचा ना? माझाही पहिला शर्ट तिथेच गेला होता."

त्याचे घर ओकॉनर नावाच्या वस्तीत. विटांचे, बैठे, मागे लिंबाचे झाड. रस्त्यावर दुतर्फा फुललेली झाडे. शेजारी कुंपणावरून "गडे, पास!" म्हणत होते ('गडे' म्हणजे इथला रामराम). त्याची बायको रीटा नर्स आहे. ती दारातच म्हणाली, "दादा, किती वर्षांनी. मी म्हटलं, तुम्ही रागावलात की काय आमच्यावर."

मी हसलो. तेवढेच जमले.

मत्सराला मोठे काही लागते असे नाही. न्हाणीच्या खिडकीत त्याने कुंडीत कढीपत्ता लावला होता, हिरवागार, हातभर उंच. आमच्याकडे मी तीन रोपे आणली आणि तिन्ही मेली. मला त्याच्या कढीपत्त्याचा हेवा वाटला. ऑफिसला तो सायकलने पंधरा मिनिटांत जातो आणि दुपारी घरी जेवायला येतो, याचा वाटला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण वाढताना रीटा त्याच्या कसल्याशा बोलण्यावर मोकळी हसली, त्याचाही वाटला. जूनपासून आमच्या घरात असे कोणी हसले नव्हते. जेवणानंतर त्याने बशीत सुकेळी (वसईकडे राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती) आणून ठेवली.

"इथे कुठून?"

"क्वीन्सलंडची केळी, आणि वाळवली आपल्या पत्र्यावर. तीन उन्हाळे फुकट गेले. चौथ्याला जमली. राजेळी नाहीत, पण डोळे मिटून खा."

मी डोळे मिटले नाहीत. तरीही चव गावाकडची होती.

शनिवारी सकाळी रीटाने शिफ्टला जाताना मला गाडीतून तळ्यावर सोडले. शहराच्या मधोमध एक भलेमोठे तळे आहे. ते माणसांनी नदी अडवून केले आहे. पाण्यातून एक फवारा ताडाच्या कितीतरी पट उंच उडतो आणि वारा फिरला की काठावरच्या लोकांना भिजवतो. होड्यांच्या धक्क्यापाशी सायकली भाड्याने देणाऱ्या माणसाचे दुकान होते. त्याने माझ्या उंचीकडे पाहून एक लाल सायकल काढली आणि वर आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा पुढे केला. डब्यावर काळ्या शाईने दोन मोठे डोळे काढले होते.

"हे काय?"

"डोक्यावर घाला, मेट. डोळे मागच्या बाजूला. मॅगपाय पाठीमागून येतात."

मॅगपाय हा काळा-पांढरा, कावळ्याएवढा पक्षी. वसंतात, म्हणजे इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात, घरट्यात पिल्ले असली की तो सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेप घेतो. मी डबा नम्रपणे हँडलच्या टोपलीत ठेवला. सत्तेचाळीस वर्षांचा, बेकार का होईना, पण ड्राफ्ट्समन माणूस. डबा कसला घालायचा. पास्कू आपल्या सायकलवरून आधीच आला होता. तो म्हणाला, "घाल, दादा. इथे प्रोफेसरसुद्धा घालतात."

"तू घातला नाहीस."

"मला त्या ओळखतात."

आम्ही तळ्याच्या कडेने निघालो. पांढरे, बुटके पार्लमेंट पाहिले आणि त्याच्या मागे टेकडीवर नव्या पार्लमेंटसाठी उभ्या असलेल्या क्रेनही. पलीकडच्या तीरावर घंटांचा मनोरा होता. सायकलींसाठी सगळीकडे वेगळी वाट होती, गाड्यांपासून दूर, गवतातून आणि झाडांतून जाणारी. चढ आला की तो पायांना कळण्याआधी वळण येई आणि चढ मवाळ होई. मी दुपारपर्यंत ती वाट फार सुंदर आहे असे दोनदा बोललो. पास्कू नुसता पेडल मारत राहिला. मग ओकॉनरकडे परतताना एका ओढ्याच्या काठी त्याने ब्रेक लावला.

"इथून पुढचा तुकडा माझा."

"म्हणजे?"

"मी आखलाय. हे झाड बघ."

जुना गमवृक्ष (निलगिरीच्या जातीचा) होता, दोघांच्या कवेत न मावणारा. वाट सरळ येऊन त्याला अलगद वळसा घालून पुढे गेली होती.

"इंजिनियर म्हणाला, झाड पाडू, वाट सरळ नेऊ. मी म्हटलं, आमच्याकडे वाडीचा बांध माडाला वळसा घालून जातो, माड बांधासाठी सरकत नाही. सहा महिने भांडलो. शेवटी वैतागून म्हणाला, ड्रॉ युअर ब्लडी बेंड."

मी ते वळण पाहिले. मास्तर ते भिंतीला लावतील असे होते. मी आखले असते तर झाड पाडले असते. कुणी चूक म्हटले नसते. माझ्या छातीत जे दाटून आले त्याला मी कौतुक म्हणू शकलो असतो, पण ते कौतुक नव्हते. मी जोरात पेडल मारून पुढे निघालो आणि त्याच झाडावरून मॅगपाय आली. कानामागे सपकन काहीतरी लागले, मी हात वर केला, लाल सायकल गवतात आणि मी ओढ्याच्या काठच्या चिखलात. पक्षी फांदीवर बसून चोच आपटत होता. पास्कू सायकल टाकून धावत आला, माझे रक्त पाहिले, फार नाही हे पाहिले आणि मग पोट धरून हसला.

"दादा, ती बाई फक्त परक्यांना मारते."

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोजरीचा महिना. जगात कुठेही असो, वसईचा ख्रिस्ती माणूस त्या महिन्यात संध्याकाळी घरच्यांना गोळा करून माळ, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतो. पास्कूच्या घरी आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, दोन मेणबत्त्या होत्या. त्याची अकरा वर्षांची शेरील माळ इंग्रजीत म्हणत होती, आम्ही मराठीत, आणि शेवटी सगळे एकदमच पोहोचत होतो. माळ संपली की धाकट्यांनी वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, ही आमची रीत. शेरील आली. मी तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. "थँक्स, अंकल," म्हणून ती पळाली. आणि मग, घरात वयाने मोठा मीच म्हणून, पास्कू माझ्यापुढे आला आणि हात जोडून डोके वाकवून उभा राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात.

"आशीर्वाद दे, दादा."

माझा हात वर जाईना. कानामागच्या पट्टीखाली ठणकत होते.

"पास्कू, जरा बाहेर चल."

"आधी दे तर. पळून चाललोय का मी?"

"बाहेर चल."

मागच्या अंगणात थंडी होती. लिंबाखाली उभा राहून मी सांगितले. गाडीत बरीच वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही वापरले नाही. साहेबाने काय विचारले, मी काय बोललो आणि का, एवढेच सांगितले.

तो लिंबाकडे वळला. मग म्हणाला, "टिकत नाही?"

"हो."

"हेच शब्द?"

"हेच."

"तो साहेब मला म्हणाला होता, आम्हाला टिकणारा माणूस पाहिजे. आठ वर्षं मी विचार करतोय, माझ्या तोंडाकडे बघून त्याला ते कसं दिसलं." त्याने लिंबाचे एक पान तोडले आणि बोटांत चुरडले. "इथे साखळी ओढायला लागलो तेव्हा ठरवलं, काही झालं तरी रजा मागायची नाही. लागून सतरा दिवस झाले होते आणि आई गेल्याची तार आली. सर्वेअर भला माणूस होता. विचारलं असतं तर सोडलं असतं. मी विचारलंच नाही."

ती तार मला ठाऊक होती. ती माझ्याच पत्त्यावर आली होती आणि मीच त्याला फोनवर वाचून दाखवली होती. त्याच्या आईच्या आत्म्यासाठी मी वॉलॉंगॉंगच्या चर्चमध्ये मिस्सा सांगितली होती. आणि तो गावी गेला नाही हे कळले तेव्हा मार्थाला म्हणालो होतो, आईसाठीसुद्धा जात नाही, असा कसा हा मुलगा. त्याची आई आमच्या वाडीतून जाताना मला केळीच्या पानात भाकरी द्यायची. या दोन गोष्टी मी आठ वर्षांत एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. माझ्यामुळे त्याचे भले झाले, एवढेच मोजत आलो होतो.

"पास्कू, मला माफ कर."

"आज नको विचारू," तो म्हणाला. "आत जा. रीटा वाढतेय."

रविवारी चर्चहून आल्यावर वाटले की तो मला थेट स्टेशनवर नेईल. त्याऐवजी स्वयंपाकघरातले टेबल पुसून तो ड्रॉइंगचे पेन घेऊन बसला. माझ्या अर्जासोबतचे शिफारशीचे पत्र त्याने तिथेच लिहिले, इंग्रजीत, त्याच्या त्या सरळ, सुटसुटीत अक्षरांत. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"वाच. पाठीमागे नको, समोर वाच."

चारच ओळी होत्या. या गृहस्थांना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांचे काम अचूक असते. एका नोकरीत ते दहा वर्षे राहिले. टिकणारा माणूस आहे.

"ही शेवटची ओळ कशाला?"

"खरी आहे म्हणून."

"आणि मी हे नको म्हटलं तर?"

"तर पोस्टात टाकू नकोस. ते तुझं तू ठरव, इनास."

इनास हे माझे नाव. पास्कूच्या तोंडून ते मी तोवर कधी ऐकले नव्हते.

भाड्याची सायकल दुपारच्या आत परत द्यायची होती. पास्कू आला नाही. मी डबा डोक्यावर घातला, डोळे मागच्या बाजूला करून, आणि एकटाच निघालो. वाटेत एक छोटी मुलगी आईला म्हणाली, "लुक, मम, ही हॅज गॉट आइज." आई मला पाहून हसली. गमवृक्षाच्या वळणावर मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालत वळसा घातला. मॅगपाय फांदीवर होती, आली नाही. त्या वळणाचा मला तेव्हाही हेवा वाटला. आदल्या संध्याकाळी जे ऐकले त्यानंतर तरी हेवा जळून जायला हवा होता, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण आता त्यात भर पडली होती: ती चार ओळींची शीट. तसे लिहिणे मला कधी जमले नसते.

स्टेशनवर पास्कूने गाडीतून माझी पिशवी काढून दिली. रीटाने दिलेले सुकेळीचे पुडके वर होते. गाडी लागली. मी सवयीने थांबलो. निरोपाच्या वेळी तो डोके वाकवतो. त्याने हात पुढे केला. मी हात मिळवला, इथले लोक मिळवतात तसा. आयुष्यात पहिल्यांदा.

"नीट जा, इनास."

परतीच्या वाटेवर मेंढ्या त्याच होत्या, तारा त्याच. गोलबर्नला मी उतरलो नाही. वॉलॉंगॉंगला पोहोचलो तेव्हा मार्था आणि ग्लोरिया फलाटावर होत्या. ग्लोरिया आता चौदा वर्षांची. तिने पुडके तिथेच उघडले. "डॅड, धिस इज गुड. कोणी केलं?"

"पास्कूकाकाने."

मार्थाने माझ्या कानामागची पट्टी पाहिली. "त्याने मारलं?"

"नाही. पक्ष्याने."

"सांगितलंस?"

"हो."

घरी माळ झाल्यावर ग्लोरिया हात जोडून पुढे आली, घाईत, टीव्हीवरचा कार्यक्रम चुकेल म्हणून. मी तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा तो किती जड झाला आहे हे तिला कळले नसावे. सोमवारी मी पाकीट पोस्टात टाकले.

याला आता चार वर्षे होत आली. ती नोकरी मला मिळाली आणि मी अजून तिथे आहे. पास्कू दोन टेबलांपलीकडे बसतो. त्याची ड्रॉइंगे तपासण्यासाठी माझ्याकडे येतात, आणि अजूनही त्यांवर बरोबरची खूण करताना माझे पेन क्षणभर थांबते. सकाळी आम्ही एकाच वाटेने सायकलने जातो. ऑक्टोबरात तो घरच्यांसह आमच्याकडे माळेला येतो, जेवतो, मार्थाची थट्टा करतो. माळ संपून मुले माझ्यापुढे आली की तो दारात जाऊन आपल्या चपला शोधतो. गमवृक्षावरच्या मॅगपायने तिसऱ्या वसंतापासून माझ्यावर झेप घेणे सोडले. ती मला ओळखू लागली आहे. सकाळी वळणापाशी पुढे गेलेला पास्कू मान वळवून हाक मारतो, "चल, इनास, उशीर होतोय." मी ओ देतो.